साडेचार फुटांची रेष

"पाठ भिंतीला लाव. मान सरळ. आता हलायचं नाही," मी म्हणाले.

पोरगी हलली नाही. केसांतली क्लिप तिनं न सांगताच काढून मुठीत धरली होती. आठ-नऊ वर्षांची असेल, अंगानं काडी, पण डोळे टपोरे आणि सगळीकडं भिरभिरणारे. मी खाली वाकले आणि तिच्या दोन्ही टाचा हातानं दाबून बघितल्या. घट्ट टेकलेल्या होत्या. मग उठून तिच्या डोक्यावर लाकडी पट्टी आडवी धरली. पट्टी भिंतीवरच्या लाल रेषेच्या अर्धं बोट वर गेली.

"फुल," मी तिकिटाच्या खिडकीतल्या पोराला ओरडून सांगितलं.

"अहो मॅडम, फुल कसं?" तिचा बाप पुढं आला. "चौथीत हाय ती. हाफच लागणार की."

"इयत्तेवर तिकीट नसतं इथं. उंचीवर असतं. साडेचार फुटांच्या वर फुल, खाली हाफ. बोर्ड वाचा."

"वाचलाय बोर्ड. घरातनं निघतानाच ठावं हाय मला. म्हणून तर ह्ये आणलंय." त्यानं शर्टाच्या खिशातून एक घडी घातलेलं कार्ड काढलं. शाळेतलं आरोग्य तपासणीचं. "मागच्या महिन्यात डॉक्टरनी मोजलीय. बघा. एकशे एकतीस."

"ते सेंटिमीटर आम्हाला नकोत. आमची भिंत फुटांत आहे."

मागच्या रांगेत हशा पिकला. मे महिन्यातला शुक्रवार, सकाळचे साडेदहा, आणि उन्हानं सगळ्यांची टाळकी आधीच तापलेली. कुणीतरी मागून म्हणालं, "ओ पावणं, दीडशे रुपयांपायी सगळ्यांना भाजून काढताय की काय!"

बापाचा चेहरा लाल झाला. त्याचं नाव रावसाहेब खवरे. इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला होता, हे मला त्याच्या पावतीवरून आणि कपड्यांना चिकटलेल्या कापसाच्या तंतूंवरून नंतर कळलं. बरोबर बायको होती, तिच्या कडेवर दोन-अडीच वर्षांचं पोर होतं. ते फुकट होतं. बायको हळूच म्हणाली, "जाऊ द्या, काढा फुल." पण तो कार्ड नाचवतच राहिला.

"डॉक्टर खोटं सांगतोय व्हय?"

"डॉक्टर नाही हो, पण आई-बाप सांगतात," मी म्हणाले. "रोज शंभर जण सांगतात. पोरीला आणायची हौस दांडगी, आणि तिकीट काढायची वेळ आली की डॉक्टर आठवतो."

एवढं बोलायची काही गरज नव्हती. पण तेव्हा माझी जीभ अशीच चालायची, आणि रांग हसली की ती आणखी चालायची.

रावसाहेबानं कार्ड काउंटरवर आपटलं आणि पैसे काढले. मी पोरीच्या मनगटाला पिवळा पट्टा बांधला. पिवळा म्हणजे फुल, निळा म्हणजे हाफ. तो पट्ट्याकडं बघून म्हणाला, "फुल घेतलंय न्हवं? मग आज ही त्या मोठ्या अजगरावरनंच उतरंल. धा वेळा उतरंल. वसूल करणार मी."

पोरगी एकदम फुलली. "खरंच, पप्पा? अजगरावर?" सकाळपासून तिला तेच हवं असणार. ती बापाचा हात धरून उड्या मारत आत गेली.

हे सगळं 'मौजसागर'मधलं, कोल्हापूरच्या अलीकडं महामार्गाला लागून असलेल्या वॉटर पार्कमधलं. आता त्याला वीस वर्षं होतील. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते. नवऱ्याचं घर सोडून भावाकडं राहायला आलेली, आणि वहिनी वाईट नसली तरी चहात साखर किती घालू, असं विचारावं लागायचं, अशा घरात दिवस काढणारी. गेटवरची ही नोकरी मिळाली आणि मी पहिल्यांदा मान वर करून चालायला लागले. नोकरी सीझनपुरती होती. मे अखेरीला गेटवरच्या आम्हा दोघींपैकी एकीला कायम करणार, असं मॅनेजर नलवडे साहेबांनी सांगितलं होतं. ती एक मीच असणार, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

नलवडे साहेब हुशार माणूस. त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावलं होतं, "मॅडम, पोराचं वय आई-बापाच्या तोंडात असतं. उंची भिंतीवर असते. म्हणून आपण भिंतीवर विश्वास ठेवायचा." आमच्याकडं फॅमिली पासही होता. दोन फुल, दोन हाफ. साहेब हसून म्हणायचे, "यात आपलं नुकसान नाही. पोरं दरवर्षी वाढतात, पास वाढत नाही."

आणि पोरं वाढलेली मान्य करायला आई-बाप तयार नसतात, हेही मी दोन महिन्यांत शिकले. कुणी पोराला गुडघे वाकवायला सांगायचं, कुणी मान खाली घालायला. पोरीच्या डोक्यावरचा अंबाडा काउंटरवर सोडवताना मी आया बघितल्या आहेत. एका बाईनं तर बारा वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन आणलं होतं. मी सगळ्यांना पकडायची. टाचा दाबून बघायची पद्धत माझीच. चप्पल काढूनच उभं राहायचं हा नियमही माझाच, कारण उंच सँडल घालून आलेल्या पोरींना विनाकारण फुल लागत होतं. म्हणजे मी नुसती खाष्ट नव्हते, न्यायीसुद्धा होते. निदान मला तसं वाटायचं.

चप्पल काढल्यावर पोरांचे पाय भाजायला लागले. एप्रिलमधली फरशी तव्यासारखी तापायची. मीच साहेबांच्या मागं लागून गेटपुढं सगळीकडं फळ्या टाकून घेतल्या, त्यावर काथ्याची चटई. रांगेच्या तोंडापासून आत जायच्या फिरत्या दांड्यापर्यंत सगळं एका पातळीत, त्यामुळं कुणाच्या लक्षातही यायचं नाही. पोरं खूश झाली. आयांनी दुवा दिल्या.

तिसऱ्या दिवशी मी त्या भिंतीला टेकून पाणी पीत होते. लाल रेष नेहमी माझ्या खांद्याशी यायची. त्या दिवशी ती दंडावर आली. मी मग खाली बघितलं. फळ्या आणि चटई मिळून तीन इंच झाले होते. जमीन वर आली होती आणि रेष होती तिथंच होती.

मी तडक साहेबांकडं गेले. साहेबांनी ऐकून घेतलं, आणि मग हसले.

"तरीच म्हटलं, फुल तिकिटं कशी वाढली! मॅडम, तुम्ही तर कमालच केलीत."

"साहेब, रेष वर घ्यायला पाहिजे."

"घेऊ की. मे संपू दे. तीन इंचानं कुणाचं काय बिघडतंय? फार तर दीडशे रुपये. ते तसेही वडापावात घालवतात." मग जरा थांबून म्हणाले, "जूनच्या ऑर्डरी मी लवकरच काढतोय. तुमचं नाव वर आहे."

मी परत येऊन पट्टी हातात घेतली. दीडशे रुपये, तेवढंच. आणि खरं सांगायचं तर पोरांच्या बापांवर माझा राग होता. रोज आम्हाला फसवतात, एकदा यांचं गेलं तर काय झालं, असं मी स्वतःला पटवलं आणि ते पटलंही. असे दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी खवरे आला.

त्या शुक्रवारी बाराच्या सुमाराला रांग सरली. काउंटर पुसताना ते कार्ड माझ्या हाती आलं. रावसाहेब ते तिथंच विसरला होता. फेकून देणार होते. पण सहज उघडलं. कुमारी अनुजा रावसाहेब खवरे, इयत्ता चौथी. उंची एकशे एकतीस. त्याच्याखाली वजन लिहिलं होतं. बावीस किलो.

उंची मला नवीन नव्हती. बाप खरं बोलतोय हे मला सकाळीच ठाऊक होतं. पण त्या बावीस आकड्यावर माझी नजर अडकली आणि दस्तगीर मामांचं बोलणं आठवलं.

दस्तगीर मामा अजगराच्या वरच्या टोकाला असायचे. मिरजेचे, पन्नाशीचे, शांत माणूस. अजगर म्हणजे आमची सगळ्यात मोठी घसरगुंडी, चाळीस फुटांवरून निघणारा बंद हिरवा पाइप. रबरी ट्यूबवर बसायचं आणि आत सुटायचं. आत काय चाललंय ते ना वरच्याला दिसायचं, ना खालच्याला. मामा मनात पंधरा आकडे मोजायचे आणि पुढचा माणूस सोडायचे. मागच्या आठवड्यात डबा खाताना ते म्हणाले होते, "त्या दुसऱ्या वळणाला उतार कमी हाय, बेटा. वजनदार माणूस जोरानं निघून जातो. हलकं पोरगं तिथंच थांबतं. म्हणून तर ती साडेचार फुटांची अट."

आधीच्या वर्षी मामांकडंही मोजायची पट्टी होती. मग खाली फुल तिकीट घेता आणि वर पोराला अडवता, म्हणून दोन-चार भांडणं झाली आणि साहेबांनी ती काढून घेतली. मोजायचं फक्त गेटवर. वर फक्त पट्टा बघायचा. पिवळा दिसला की सोडायचा.

तिकिटाची रेष आणि अजगराची रेष एकच होती. अकरा दिवस मी तिला पैशांची रेष समजत होते.

मी पट्टी टाकली आणि पळत सुटले.

गेटपासून अजगरापर्यंत चांगलं दोन-तीनशे पावलं अंतर. मध्ये लाटांचा तलाव, कारंज्याच्या पावसातला नाच, भजीचा स्टॉल. सगळीकडं ओली माणसं आणि ओली फरशी. मी दोनदा घसरले. लोक म्हणाले, "अहो, सावकाश!" मी वर बघत पळत होते. अजगर बाराला सुरू व्हायचा. मनोऱ्याच्या जिन्यावर रांग होती, आणि अगदी वर, मामांच्या शेजारी, अनुजाचा लाल फ्रॉक दिसत होता.

"मामा!" मी खालून ओरडले. गाण्याचा कर्णा नेमका डोक्यावर होता. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

जिन्याच्या चौऱ्याऐंशी पायऱ्या. रांगेतली माणसं जागा देईनात. "ओ बाई, लाईनीत या की!" एकानं माझा दंड धरला. मी हिसडा मारून सुटले. "सोडा, कामावर आहे मी," म्हणत, कोपरानं ढकलत वर चढले. छाती फुटेल असं वाटत होतं. साठाव्या-पासष्टाव्या पायरीला वर बघितलं, तर लाल फ्रॉक नव्हता.

वर पोचले तेव्हा मामांच्या पुढ्यात ट्यूबवर एक गडी बसला होता. शंभर किलोचा तरी असेल. दोन्ही हातांनी कडी धरून तयार. मामांचे ओठ हलत होते.

"मामा, ती पोरगी! लाल फ्रॉकवाली!"

"गेली की आत्ता," मामा म्हणाले. "अकरा, बारा..."

"ती हलकी आहे! बावीस किलो! थांबा!"

मामांनी माझ्याकडं बघितलं. "पिवळा पट्टा हुता तिला."

"मामा, सोडू नका!"

गड्यानं कडी सोडली होती. पाण्यानं ट्यूब निघाली होती. मामांनी वाकून एका हातानं ट्यूबचा दोर पकडला, दुसऱ्यानं खांब. गडी शिव्या देत अर्धा पाइपच्या तोंडात, अर्धा बाहेर लोंबकळला. मी त्याचा हात धरून मागं ओढला. रांगेतले दोघं धावले, तेव्हा कुठं तो बाहेर आला. मामांनी पाण्याच्या व्हॉल्व्हचा चक्का बंद केला आणि खाली वाकून, पाइप जिथं सुटतो त्या टाकीपाशी उभ्या असलेल्या पोराला हात केला. लाल फ्रॉक आला का?

त्या पोरानं दोन्ही हात हलवून सांगितलं, नाही.

 मी पाइपच्या तोंडाशी बसले. आत काळोख होता आणि पाणी ठिबकल्याचा आवाज. मग त्यात रडणं ऐकू आलं. बारीक, दबलेलं.

मामा माझ्या शेजारी आडवे झाले आणि पाइपमध्ये तोंड घालून हळू आवाजात बोलायला लागले. "बाळ, ऐकू येतंय का? काय नाव तुझं?"

"अनुजा."

"अनुजा, भ्यायचं न्हाई. मागनं कुणीबी येत न्हाई. मी हितं बसलोय. ट्यूब सोडून दे. आता बसल्या बसल्या फुडं सरक. शाब्बास. हात पाइपला टेकून. आणखी सरक."

पाच मिनिटं लागली असतील. मला ती पाच मिनिटं आजही पाच वाटत नाहीत. मामा बोलत होते, आतून 'हूं' येत होतं, आणि मी देवाला काय काय कबूल करत होते ते मला आठवतं. मी म्हणत होते, ही बाहेर येऊ दे, मी आजच सगळ्यांना खरं सांगते.

खालून शिट्टी वाजली. पोरगी बाहेर आली होती.

मी खाली पोचले तेव्हा टाकीभोवती गर्दी जमली होती. अनुजाच्या कोपराचं साल निघालं होतं, ओठ निळे पडले होते, पण ती उभी होती. आईनं तिला पदरात घेतलं होतं. रावसाहेबानं मामांची कॉलर धरली होती. मामा माझ्या आधी खाली उतरले होते.

"मरत हुती की पोरगी माझी! मागनं त्यो गडी आला असता म्हंजे?"

नलवडे साहेब गर्दीतून वाट काढत आले. त्यांनी पोरीकडं बघितलं, एका नजरेत उंची जोखली, आणि आवाज चढवला. "दस्तगीर, हिला वर सोडलीच कशी? डोळे आहेत की नाहीत?"

"साहेब, पिवळा पट्टा हाय," मामा एवढंच म्हणाले.

सगळ्यांच्या नजरा पोरीच्या मनगटावर गेल्या आणि तिथून माझ्याकडं वळल्या. गर्दीत निदान तीसेक पोरं होती. त्यातल्या कितीतरी बारक्यांच्या मनगटाला पिवळा पट्टा होता. त्यांचे आई-बाप ओल्या टॉवेलात उभे होते आणि माझ्या तोंडाकडं बघत होते.

"मॅडम," साहेब सावकाश म्हणाले, "मोजलं तुम्हीच ना? नीट मोजलं होतं ना?"

त्यांना ठाऊक होतं. मला ठाऊक होतं. आणि त्यांची नजर मला सांगत होती की आता जे बोलशील ते विचार करून बोल. मी विचार केला. वहिनीच्या स्वयंपाकघराचा केला. जूनच्या ऑर्डरीचा केला. वर पाइपच्या तोंडाशी जे कबूल केलं होतं त्याला दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

"नीटच मोजलं होतं," मी म्हणाले. "पोरीनं टाचा उचलल्या असणार."

"मी न्हाई उचलल्या," अनुजा आईच्या पदरातून म्हणाली. "मॅडमनी हात लावून बघितल्यात माझ्या टाचा."



"मी बघितल्या तेव्हा टेकलेल्या होत्या," मी म्हणाले. माझा आवाज अजिबात कापला नाही, याचं मला आजही नवल वाटतं. "मी उठून पट्टी लावली, तेवढ्यात उचलल्या असतील. अजगरावर जायला मिळावं म्हणून करतात पोरं असं."

"करतात, करतात," कुणीतरी म्हणालं. एक बाई हसली. "आजकालची पोरं लई पोचलेली!" आणि एकदम सगळं हलकं झालं. तीस घरांच्या आई-बापांना तेच ऐकायचं होतं. त्यांना परत पाण्यात जायचं होतं.

रावसाहेबानं मामांची कॉलर सोडली. तो पोरीकडं वळला. "सकाळपासनं अजगर अजगर लावलंयस," तो म्हणाला. "आणि मी तिथं चारचौघांत तुझ्यापायी भांडतोय. कार्ड दाखवतोय. इज्जत घालवली माझी." आणि त्यानं तिच्या थोबाडीत मारली.

ती रडली नाही. माझ्याकडं बघत राहिली. मामाही माझ्याकडं बघत होते. त्या दिवसानंतर त्यांनी माझ्या डब्यातला घास कधी घेतला नाही.

पुढं मला लोकांनी चांगलंच म्हटलं. धावत जाऊन घसरगुंडी थांबवली म्हणून कंपनीच्या वर्धापनदिनाला नारळ आणि शाल दिली. नलवडे साहेबांनी भाषणात माझ्या प्रसंगावधानाचं कौतुक केलं. जूनमध्ये मी कायम झाले. पुढं बारा वर्षं तिथंच काढली, गेटची मुख्य झाले, भावाचं घर सोडून स्वतःची खोली घेतली. पोरीचा जीव मी वाचवला, हे खोटं नाही. हा प्रसंग मी पुष्कळांना सांगितला आहे, आणि दर वेळी टाकीपाशीच थांबवला आहे. संध्याकाळचं कुणाला सांगितलेलं नाही.

दुपारी तीनला साहेबांनी गेट बंद ठेवून पेंटर बोलावला. जुनी रेष पांढऱ्या रंगानं पुसली आणि तीन इंच वर नवी ओढली. आत असलेल्या बारक्या पोरांचे पिवळे पट्टे 'पट्टे खराब निघालेत' म्हणून निळ्यानं बदलले. कुणाला शंका आली नाही.

साडेपाचला खवरे मंडळी बाहेर निघाली. साहेब खिडकीशी थांबलेच होते. त्यांनी एक कागद टाईप करून ठेवला होता. मुलीनं उंची मोजताना टाचा उचलल्या, त्यामुळं चुकीचा पट्टा दिला गेला, पार्कबद्दल आमची काही तक्रार नाही.

"यावर सही करा," साहेब गोड आवाजात म्हणाले. "चूक पोरीची असली तरी आम्ही माणसं आहोत. फुल आणि हाफमधले दीडशे परत देतो. वर चौघांना फुकट जेवण, पुढच्या वेळी."

रावसाहेबानं कागद वाचला. पेन घेतलं आणि थांबला. दिवसभरात त्याचा राग निवला होता. पोरीच्या गालावरचे वळ अजून दिसत होते, आणि तो त्या वळांकडं सारखा बघत होता आणि नजर काढत होता.

"अनु," तो म्हणाला, "खरं सांग बघू. मी काय बोलणार न्हाई. उचलल्या हुत्यास टाचा? न्हाई तर न्हाई म्हण. न्हाई म्हणलीस तर मी ह्यो कागद फाडतो आन् ह्यांच्याशी भांडतो."

अनुजा भिंतीपाशी उभी होती. ओल्या रंगाचा वास येत होता. तिनं मान वळवून नव्या रेषेकडं बघितलं. मग खाली, जिथं जुनी रेष पुसली होती आणि पांढऱ्यातून लाल अजून फिकट दिसत होती, तिथं बघितलं. हुशार पोरगी होती. तिनं तिथंच उभं राहून हातानं आपल्या डोक्यावरून भिंतीपर्यंत माप घेतलं, आणि मग माझ्याकडं बघितलं.

ती थांबली होती. मी बोलेन म्हणून थांबली होती, हे मला स्वच्छ कळत होतं. मी मोठी होते, मोजणारी होते, आणि मला एक वाक्य बोलायचं होतं. साहेब माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते, इतकी त्यांना खात्री होती. मी खिडकीतल्या पावत्या सारख्या करत राहिले.

तिनं बापाकडं बघितलं. त्यानं पेन अजून कागदावर टेकवलं नव्हतं. तो माणूस पोरीला विनाकारण मारलं की काय, या भीतीनं नुसता पिचला होता.

"व्हय पप्पा," अनुजा म्हणाली. "उचलल्या हुत्या मी. तुम्ही बरोबरच मारलं."

रावसाहेबानं मोठा श्वास सोडला. सही केली. दीडशे रुपये मोजून खिशात ठेवले आणि पोरीला जवळ ओढून तिच्या डोक्यावर हात फिरवला. मग मला म्हणाला, "मॅडम, सकाळी लई बोललो तुमास्नी. माफ करा." आणि पोरीला पुढं केलं. "मॅडमना सॉरी म्हण."

"सॉरी, मॅडम," ती म्हणाली.

मी म्हणाले, "असू दे. पुन्हा असं करू नकोस."